सामोआच्या बेटांवरचा हृदयविकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण ऑकलंडमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबाच्या शेजारी बऱ्याचदा एखादं सामोअन किंवा टोंगन घर असतं. मुलं एका शाळेत जातात, बायका एकाच बसला उभ्या असतात, आणि दवाखान्याच्या बाकावर आपले आजोबा नि त्यांचे आजोबा शेजारी बसलेले असतात. मी इथे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आपल्या लोकांकडून मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते: ‘ही माणसं खातातच इतकी, मग हृदयविकार होणारच.’ हे वाक्य मला खुपतं, कारण ते खरं नाही. म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहायला घेतली.

सामोआ नेमकं कुठे आहे?

दक्षिण प्रशांत (पॅसिफिक) महासागरात, हवाई आणि न्यूझीलंड यांच्या साधारण मधोमध. उपोलू आणि सवाई ही दोन मोठी बेटं, आपिया ही राजधानी, लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. १ जानेवारी १९६२ रोजी हा देश न्यूझीलंडच्या कारभारातून स्वतंत्र झाला. पूर्वेकडचं अमेरिकन सामोआ वेगळं आहे, ते आजही अमेरिकेच्या ताब्यात आहे. सामोआत जितके सामोअन राहतात, जवळपास तितकेच न्यूझीलंडमध्ये राहतात. त्यामुळे या आजाराची गोष्ट दोन्ही किनाऱ्यांवर घडते.

तिथे हृदयविकार खरंच इतका आहे का?

हो. पॅसिफिक बेटांच्या नेत्यांनी २०११ मध्ये ऑकलंडला भरलेल्या परिषदेत हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात, कर्करोग या आजारांना ‘संकट’ म्हणून जाहीर केलं, तेही केवळ आरोग्याचं नव्हे, तर माणसांचं, समाजाचं आणि अर्थव्यवस्थेचं. २०२२ सालच्या जागतिक आकडेवारीत टोंगा, अमेरिकन सामोआ आणि नाऊरू या बेटांवर प्रौढांमध्ये स्थूलतेचं प्रमाण जगात सर्वाधिक, म्हणजे ६० टक्क्यांच्या वर होतं. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे दोघे त्याच्या मागोमाग आले. घरटी कुणी ना कुणी गोळ्या घेत असतं.

म्हणजे हे लोक पूर्वीपासूनच असे होते?

नाही, आणि याचा चांगला पुरावा आहे.

१९६० च्या दशकात इयान प्रायर नावाच्या न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी कूक बेटांपैकी दोन बेटांची तुलना केली. पुकापुका हे दूरचं प्रवाळबेट. तिथे दुकान जवळजवळ नाही. मासे, नारळ आणि अळकुड्या यांवर लोक जगत. रारोटोंगा हे राजधानीचं बेट. तिथे दुकानं, पगार, पाव, डबे, सगळं पोचलेलं. रारोटोंगात वय वाढेल तसा रक्तदाब चढत होता. पुकापुकात मात्र म्हातारपणीही तो फारसा चढत नव्हता. तिथले लोक मीठही खूपच कमी खात होते.

पुढे प्रायर यांच्या गटाने टोकेलाऊ बेटांवरच्या लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. सामोआच्या उत्तरेला असलेली ही तीन छोटी प्रवाळबेटं. १९६६ च्या वादळानंतर तिथल्या बऱ्याच कुटुंबांना न्यूझीलंडला हलवण्यात आलं, बाकीची मागे राहिली. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ बेटावर आणि दुसरा वेलिंग्टनजवळच्या कारखान्यात. काही वर्षांतच स्थलांतरितांचं वजन वाढलं, रक्तदाब वाढला, मधुमेह आणि गाऊट (युरिक ॲसिड साठून सांधे सुजण्याचा आजार) जास्त दिसू लागले. रक्त तेच, आईबाप तेच. बदललं होतं ते काम, बाजार आणि ताट.

या दोन अभ्यासांनंतर ‘त्यांच्या अंगातच आहे’ असं म्हणणं मला कठीण जातं.

पण ते नारळ किती खातात! नारळानेच कोलेस्टेरॉल वाढत असेल ना?

मी मूळची मालवणकडची आहे. नारळाचा रस घातल्याशिवाय आमच्याकडे आमटी होत नाही, त्यामुळे या प्रश्नाकडे मी जरा आपुलकीने बघते. तरी पुरावा दोन्ही बाजूंनी सांगते.

प्रायर यांच्याच गटाने १९८१ मध्ये पुकापुका आणि टोकेलाऊ यांची तुलना प्रसिद्ध केली. टोकेलाऊचे लोक रोजच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६३ टक्के नारळातून मिळवत होते, पुकापुकाचे सुमारे ३४ टक्के. टोकेलाऊच्या लोकांचं कोलेस्टेरॉल पुकापुकापेक्षा बरंच जास्त होतं. तेवढ्यापुरती शंका बरोबर. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे आजार दोन्ही बेटांवर क्वचितच आढळले.

यावरून खोबरेल तेल औषध आहे असा निष्कर्ष काढू नका. व्हॉट्सॲपवर तो फिरत असतो. ती माणसं खोबरं माशांबरोबर आणि नीरफणसाबरोबर खात होती. साखर, मैदा, बिस्किटं त्यांच्याकडे जवळजवळ नव्हती. झाडावर चढून नारळ उतरवायचा, सोलायचा, खवायचा, होडी वल्हवायची, मग जेवायचं. तोच नारळाचा रस आज डब्यातल्या खारट मांसावर ओतला आणि दिवसभर खुर्चीत बसलं, तर गणित वेगळं होतं.

मग बदललं काय?

बेटावर जे येतं ते बोटीने येतं, आणि सामोआला बोटींचा अनुभव बरा नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून ‘तालुने’ नावाची बोट आपियाच्या बंदराला लागली. तिच्यावर फ्लूचे रुग्ण होते. तरीही तिला बंदरात येऊ दिलं. पुढच्या काही आठवड्यांत देशातली एकपंचमांशाहून जास्त माणसं मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं आणि तिथे या साथीने कुणी दगावलं नाही. ही आठवण आजही घराघरांत आहे. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी त्या काळातल्या कारभाराबद्दल सामोआची माफी मागितली.

हृदयविकार एका बोटीने आला नाही, हळूहळू आला. सामोअन भाषेत डबाबंद मांसाला ‘पिसुपो’ म्हणतात. हा शब्द ‘पी सूप’ वरून आला. एकोणिसाव्या शतकात पहिले डबे आले ते वाटाण्याच्या सूपचे होते. पुढे डब्यातून जे काही निघेल ते पिसुपो झालं आणि शेवटी खारवलेल्या गोमांसाला ते नाव चिकटलं. त्याच्या जोडीला बादलीत मिठाच्या पाण्यात बुडवलेलं मांस आलं, त्याला ‘पोवी मासिमा’ म्हणतात. मग मैदा, साखर, तांदूळ, झटपट नूडल्स आणि गोड पेयं.

तरी परसात तालो होता. तालो म्हणजे आपलं अळू, फक्त त्याचे कंद मांडीएवढे. तालो, ‘उलू’ म्हणजे नीरफणस आणि कच्ची केळी हा सामोअन माणसाचा भात-भाकरीचा आधार. फेब्रुवारी १९९० मध्ये ‘ओफा’ चक्रीवादळ आलं. डिसेंबर १९९१ मध्ये ‘वाल’ आलं. बागा आडव्या झाल्या. लोकांनी पुन्हा लावणी केली, तोच १९९३ मध्ये तालोच्या पानांवर करपा पसरला. पानं जळाली की कंद भरत नाही. काही महिन्यांत तालोचं पीक आणि त्याची निर्यात, दोन्ही कोसळली. पिढ्यान्पिढ्या पोसलेली जातच या रोगाला बळी पडणारी होती. पुढे रोगाला तोंड देणाऱ्या नव्या जाती तयार केल्या, तालो परतही आला, पण मधल्या वर्षांत तांदूळ आणि नूडल्स ताटात बसले ते उठले नाहीत.

आमच्याकडे अळवाच्या पानांत पीठ गुंडाळून वड्या करतात. सामोआत तीच कोवळी पानं नारळाच्या रसात बांधून तापलेल्या दगडांच्या ‘उमू’त भाजतात. त्याला ‘पालुसामी’ म्हणतात. मी ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ऋषीपंचमीची भाजी आठवली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यांचं जुनं जेवण गरिबाचं निकृष्ट अन्न होतं असा गैरसमज आढळतो. ते चांगलं जेवण होतं.

टर्कीच्या शेपटीचं काय प्रकरण आहे?

अमेरिकेत टर्की हा पक्षी भरपूर खातात, पण त्याच्या शेपटीकडचा चरबीचा गोळा कुणाला नको असतो. तो गोठवून पॅसिफिकला स्वस्तात विकला जाऊ लागला. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मेंढ्यांच्या बरगड्यांखालच्या चरबीच्या पट्ट्यांचंही तसंच. फिजीने २००० मध्ये त्या पट्ट्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

सामोआने २००७ मध्ये टर्कीच्या शेपट्यांची आयात बंद केली. मग जागतिक व्यापार संघटनेत जायची वेळ आली. सदस्यत्वासाठी ही बंदी उठवायला लागली आणि त्याऐवजी जबर आयातशुल्क लावायची मुभा काही काळापुरती मिळाली. २०१२ मध्ये सामोआ सदस्य झाला. बंदी हे सगळ्या दुखण्यांवरचं उत्तर नव्हतंच. स्वस्त चरबी एका वाटेने अडवली की दुसऱ्या वाटेने येते. पण दोन लाखांच्या देशाने आपल्या लोकांच्या हृदयासाठी केलेला नियम व्यापाराच्या टेबलावर मागे घ्यावा लागतो, आणि मग आपण म्हणतो ‘हे लोक खातातच असं’. हा अन्याय आहे असं मला वाटतं.

सामोअन लोकांत लठ्ठपणाचं जनुक सापडलंय म्हणे?

सापडलंय, पण बातमी अर्धीच पसरली.

१९६२ मध्ये जेम्स नील या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली की दुष्काळात तगून राहिलेल्या पूर्वजांकडून ‘काटकसरी’ जनुकं आली असावीत आणि सुबत्तेत तीच नडत असावीत. २०१६ मध्ये सामोआतल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात ‘सीआरईबीआरएफ’ या जनुकाचं एक खास रूप आढळलं. जवळजवळ निम्म्या सामोअन लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे; पॉलिनेशियाबाहेर ते जवळपास दिसतच नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांचं वजन जास्त असतं. इथपर्यंतची बातमी सगळ्यांनी छापली.

उरलेली अर्धी अशी की त्याच लोकांना मधुमेहाचा धोका *कमी* असतो. म्हणजे ‘जनुकामुळे वजन, वजनामुळे मधुमेह, मधुमेहामुळे हृदयविकार’ ही सरळ साखळी इथेच तुटते. शिवाय हे जनुक शंभर वर्षांपूर्वीही त्यांच्याकडे होतंच.

आपल्या तुलनेत त्यांचा धोका जास्त की कमी?

हा प्रश्न विचारणारे बहुधा मनातल्या मनात ‘कमी आपलाच’ असं उत्तर देऊन आलेले असतात. थोडं थांबा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘सडपातळ-लठ्ठ भारतीय’ ही कल्पना जगापुढे ठेवली. त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच एक फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची; पण आपल्या बाळांच्या वजनातली तूट मुख्यतः स्नायूंची, चरबीची नाही.

सामोअन आणि टोंगन शरीराचं याच्या उलट आहे. तेवढ्याच बीएमआयला त्यांच्या अंगात स्नायू आणि हाडं जास्त, चरबी त्या मानाने कमी. म्हणून नुसता बीएमआय पाहिला तर त्यांचा धोका जास्त आणि आपला धोका कमी दिसतो. भारतीयांना २३ च्या पुढेच सावध व्हायला सांगतात ते यासाठी. फिजीत ही तुलना एकाच देशात पाहायला मिळते. १८७९ ते १९१६ या काळात भारतातून करारावर, ज्याला ते ‘गिरमिट’ म्हणतात, सुमारे ६० हजार मजूर तिथे नेले गेले. त्यांचे वंशज अंगाने स्थानिक फिजियन लोकांपेक्षा बारीक, तरी मधुमेह त्यांच्यात जास्त.

न्यूझीलंडच्या २०१८ च्या सूचनांत बहुतेक पुरुषांची हृदयाच्या धोक्याची तपासणी ४५ व्या वर्षी आणि बायकांची ५५ व्या वर्षी सुरू करायला सांगितली आहे. माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी), पॅसिफिक आणि दक्षिण आशियाई लोकांसाठी मात्र पुरुषांची ३० व्या आणि बायकांची ४० व्या वर्षी. सामोअन आणि मराठी माणूस एकाच ओळीत लिहिलेले आहेत. तिशी उलटलेल्या, मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या, ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला मी हा परिच्छेद दाखवते.

मीठ इतकं महत्त्वाचं आहे का?

आहे. पुकापुकाचं वर आलंच. सॉलोमन बेटांवर १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकी संशोधकांनी सहा वेगवेगळ्या जमाती तपासल्या. त्यांतली लाऊ ही जमात भाज्या समुद्राच्या पाण्यातच शिजवत असे. जुन्या पद्धतीने राहणारी माणसं, पण रक्तदाब इतर जमातींपेक्षा जास्त.

सामोआत दहा वर्षांपूर्वी लघवी तपासून मोजलं तेव्हा माणशी रोजचं मीठ सुमारे ७ ग्रॅम निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची. वरून टाकलेल्या मिठापेक्षा डबाबंद मांस, नूडल्सची पुडी, सोया सॉस आणि पाव यांतलं मीठ पकडणं अवघड जातं. आपल्या घरात त्याच जागी लोणचं, पापड, फरसाण आणि तीच नूडल्सची पुडी असते.

तंबाखू?

सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण अजूनही फार आहे, विशेषतः पुरुषांत. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटाचं उदाहरण कुणी दिलं तर गडबडू नका. १९८९-९० च्या सुमारास स्वीडिश डॉक्टर स्टाफान लिंडेबर्ग यांना तिथे बहुतेक माणसं तंबाखू ओढताना दिसली, तरी हृदयविकार आणि पक्षाघात जवळजवळ नव्हता. ती माणसं कोनफळ, रताळी, तालो, फळं, मासे आणि नारळ खाऊन बारीक आणि कष्टाळू होती. रक्तदाब, साखर आणि वजन यांच्या जोडीला तंबाखू आला की तो जीव घेतो. सोडलेलीच बरी.

लठ्ठपणाला तिथे मान असतो, हे खरं आहे?

मोठ्या देहाला मान होता. तो जपलेल्या, पोसलेल्या, घराण्यातल्या माणसाचा देह. आपण ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो त्यात दुसरं काय असतं? टोंगाचे राजे तौफाआहाऊ तुपौ चौथे यांचं वजन एके काळी दोनशे किलोंच्या वर होतं. १९९० च्या दशकात त्यांनी स्वतः सायकल चालवत वजन पुष्कळ उतरवलं आणि प्रजेलाही सोबत यायला सांगितलं. राजाने असं करणं फार मोठं होतं, आणि मला ते मनापासून आवडतं.

पण देहापेक्षा आग्रहाचं बघा. सामोअन घरात लग्न, मयत, घराण्याचा मान, चर्चचं काम असं काही निघालं की त्याला ‘फाआलावेलावे’ म्हणतात आणि सगळ्या भाऊबंदांनी वाटा उचलायचा असतो. पूर्वी डुक्कर, तालो आणि बारीक विणलेल्या चटया जात. आता त्यांच्याबरोबर पिसुपोची खोकी आणि पोवी मासिमाच्या बादल्या जातात. हाताशी पैसे नसले तरी कर्ज काढून जातात. रविवारी चर्च सुटल्यावर ‘तोओनाई’ हे जेवण. पाहुण्याने पान सोडलं तर यजमानाचा जीव थोडा होतो. पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्या आपल्या काकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

डॉक्टरने नुसतं ‘कमी खा’ म्हणून सामोअन आजीला घरी पाठवलं, तर ती नात्यातून उठून जा असं ऐकते. बादलीऐवजी ताजे मासे आणि तालो देण्यातही मान आहे, असं सांगणारं तिच्या घरातलंच वडीलधारं माणूस लागतं.

गाऊटचा हृदयाशी संबंध आहे का?

आहे. पॉलिनेशियन लोकांत युरिक ॲसिड जास्त असतं, त्यात आनुवंशिकतेचाही भाग आहे. पायाचा अंगठा रात्री सुजून लाल झाला तर ती नुसती पायाची तक्रार समजू नये. रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंड तपासून घ्यावं.

लहान मुलांनाही हृदयविकार होतो असं ऐकलं. ते कसं?

हा प्रश्न कुणी आपणहून विचारत नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

हा आजार वेगळा. खाण्याशी त्याचा संबंध नाही. मुलाचा घसा दुखतो, ‘स्ट्रेप्टोकॉकस’ जातीच्या जंतूंमुळे. बहुतेक मुलं बरी होतात. काहींच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती मात्र जंतूंबरोबर स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावरही चालून जाते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, मग घोटा, मग कोपर. आई समजते, खेळताना लागलं असेल. हाच संधिवाताचा ताप. तो उलटत राहिला की हृदयाच्या झडपा जाड होतात, चिकटतात, गळतात. मुलगी वीस-बावीस वर्षांची होते, पहिल्यांदा गरोदर राहते आणि जिने चढताना धापा टाकू लागते. तेव्हा कळतं की झडप शाळेतच गेली होती.

टोंगात पाच हजारांवर शाळकरी मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी केली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत हजारी ३३ मुलांमध्ये हा आजार निघाला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात एक. त्यांतल्या बहुतेकांना काहीही होत नव्हतं. सामोआ आणि फिजीतही प्रमाण मोठं आहे, आणि ऑकलंडमध्ये हा आजार जवळजवळ सगळा माओरी आणि पॅसिफिक मुलांचाच आहे. कारण घरं. भाडं परवडत नाही म्हणून एका खोलीत सहा-सात माणसं, दमट भिंती, हिवाळ्यात सगळी मुलं एकाच गादीवर. एकाचा खोकला सगळ्यांना.

घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू केलं आणि पूर्ण घेतलं, तर हा ताप टाळता येतो. ताप येऊन गेला असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन न्यूझीलंडमध्ये दर २८ दिवसांनी देतात, भारतात बहुधा दर तीन आठवड्यांनी. हे वर्षानुवर्षं, बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त. इंजेक्शन फार दुखतं. मांडीत दगड बसल्यासारखं वाटतं असं एका मुलाने मला सांगितलं होतं. तरीही एक चुकवलं की दार पुन्हा उघडतं.

हे आपल्याला परकं नाही. भारतातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि गावाकडच्या कितीतरी मुलींना लग्नानंतरच कळतं की त्यांची झडप खराब आहे. ओपन हार्ट शस्त्रक्रियेसाठी सामोआच्या रुग्णांना देशाबाहेर जावं लागतं, न्यूझीलंडला आणि कधीकधी भारतातही. फिजीत सुव्हा इथे २०२२ मध्ये श्री सत्य साई संजीवनी हे मुलांचं हृदय रुग्णालय सुरू झालं, जिथे शस्त्रक्रिया मोफत होतात. याच नावाचं एक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे.

तिथले लोक स्वतः काही करतात की नाही?

खूप करतात. सामोआच्या गावागावांत बायकांच्या समित्या, ‘कोमिती’, शंभर वर्षांच्या जुन्या आहेत. पूर्वी त्या पाणवठे आणि बाळं बघत. गेल्या दहाएक वर्षांत ‘पेन फाआ सामोआ’ या कार्यक्रमात त्याच समित्यांमधल्या बायका गावकऱ्यांना बोलावून रक्तदाब, साखर, वजन मोजायला मदत करतात आणि कुणी दवाखान्यात गेलं नाही याचा पाठपुरावा करतात. शहरातून आलेल्या गाडीपेक्षा शेजारच्या मावशीचं बोलावणं मोडणं कठीण असतं.

टोंगाने २०१३ पासून गोड पेयांवर कर लावला. न्यूझीलंडमध्ये हार्ट फाउंडेशनचा ‘पॅसिफिक हार्टबीट’ कार्यक्रम चर्च आणि समाजगटांबरोबर काम करतो. पाद्रीबाबांनी प्रवचनात रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेख केला की ती गोळी घेतली जाते. हे मी पाहिलंय.

शेजारच्या सामोअन कुटुंबाशी या विषयावर बोलावं का? कसं?

वजनावर बोलू नका. तो विषय त्यांना रोज कुणी ना कुणी ऐकवतं.

रक्तदाबाला ते ‘तोतो मौआलुंगा’ म्हणतात, शब्दशः ‘चढलेलं रक्त’. मधुमेहाला ‘माई सुका’, म्हणजे साखरेचा आजार, अगदी आपल्यासारखंच. हे शब्द येत असले तर गप्पा सहज सुरू होतात: ‘माझ्या सासऱ्यांनाही सुका आहे, तुमच्याकडे गोळ्या कोण घेतं?’ घरात बीपीचं यंत्र असेल तर त्यांच्या आजोबांचाही दंड पुढे करायला सांगा. परसातली अळूची पानं द्या, त्यांच्याकडून तालो घ्या. त्यांच्या मुलाचा घसा दुखतोय असं कळलं तर ‘बघू दोन दिवस’ म्हणू नका; त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला सांगा, जमलं तर स्वतः गाडीतून सोडा.

आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, अचानक धाप असं कुणाला होत असेल, मग ते त्यांचे असोत वा आपले, तर न्यूझीलंडमध्ये लगेच १११ लावा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना पुष्कळदा कळ येतच नाही; नुसती मळमळ आणि कधी नव्हे असा थकवा येतो. तेव्हाही १११ लावायचा.